हाँगकाँग डिस्नीलँड, सव्वातीन वर्षांची लेक आणि सोबत सासूबाई: प्लॅनिंगला मदत पाहिजे

रंकाळ्याची_हवा | २१ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढायचं धाडस केलोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही कोल्हापूरचे. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत. तिथं भट्टी थंड होते ती फक्त दिवाळीत, त्यामुळे सलग सुट्टी म्हणजे दिवाळी आणि ती पण लक्ष्मीपूजन झाल्यावरच. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे. लेक आत्ता सव्वातीनची, तेव्हा पावणेचारची होईल. तिला त्या बर्फाच्या राणीचं एवढं वेड लागलंय की उन्हाळ्यात पण घरात ओढणीचा झगा लावून हिंडती आणि फ्रीज उघडून उभी राहती. कुणीतरी सांगितलं हाँगकाँगच्या डिस्नीलँडमध्ये त्या गोष्टीचं अख्खं गावच बांधलंय, तेव्हापासून मिस्टरांनी पण डोक्यात घेतलंय.

सोबत सासूबाई, वय ६३, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त. पासपोर्ट फक्त मिस्टरांचा आहे. परदेश सगळ्यांनाच पहिल्यांदा. आता प्रश्न असे की हाँगकाँग बरं की सिंगापूर, टूरवाल्यांबरोबर जायचं की आपलं आपण, आणि मुळात एवढ्या लहान पोरीला न्यायचं का? जाऊबाई म्हणतात तिला काय आठवणार आहे, पैशे पाण्यात. खर्चाचं म्हणाल तर एक भिशी लागलीय आणि थोडं साठवलंय, म्हणजे उधळपट्टी नको पण काटकसरीनं रडत पण हिंडायचं नाही.

कर्वेरोडकरीण | २१ जून, रात्री ११:१५

दादा, स्पष्ट सांगते, राग मानू नका. पावणेचार म्हणजे लवकरच. आमचा सहाव्या वर्षी गेला तेव्हा त्याला सगळ्या राइड्समध्ये बसता आलं. लहान मुलांना उंचीची अट असते, तुम्ही पूर्ण तिकीट काढणार आणि पोरगी निम्म्या ठिकाणी बाहेरच उभी राहणार. शिवाय मिसेसना विचारलंत का? दिवसभर कडेवर त्यांनाच घ्यावं लागतं शेवटी.

रंकाळ्याची_हवा | २१ जून, रात्री ११:२२

ताई, मिसेस मीच आहे 😀 आमच्या कोल्हापुरात बायका पण मी जातो, मी येतो, मी करतो असंच म्हणतात. पुण्याला नणंदेकडं गेलो की दर वेळी हेच होतंय.

कर्वेरोडकरीण | २१ जून, रात्री ११:३०

अगं बाई! सॉरी सॉरी. मग कडेवरचा मुद्दा दुप्पट जोरात समज.

हायवेचा_पांथस्थ | २२ जून, सकाळी ७:०५

वहिनी, विषय हार्ड केलाय तुम्ही. पण आधी घरचं बघा की. खोपोलीचं इमॅजिका एक्स्प्रेसवेला लागूनच आहे, नाहीतर बेंगलोरचं वंडरला, म्हैसूर रोडला बिडदीच्या अलीकडं. आम्ही मिरजेतनं राणी चन्नम्मानं गेलेलो, रात्री झोपायचं सकाळी बेंगलोर. वंडरलात लहान पोरांचं तिकीट वयावर नाही उंचीवर असतंय, दारात पट्टी मारून ठेवल्याली आहे, तिथंच मापतात. माझं पोरगं तिथं गुडघे वाकवून उभं राहिलं, बापाचे पैसे वाचवायला! कुणी शिकवलं नव्हतं बरं का.

हाँगकाँग नको असं नाही, पण तालीम म्हणून एकदा इकडं जाऊन या. दिवसभर रांगा, ऊन, गोंगाट हे पोरीला झेपतंय का ते पाच-दहा हजारांत कळंल, पाच लाख घालून कळण्यापेक्षा बरं.

दोन_ट्रॉली_एक_पोर | २२ जून, दुपारी १:४८

मी इचलकरंजीची. आमचा मुलगा साडेतीनचा असताना हाँगकाँगलाच जाऊन आलो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. मोठं होईल पण एकदाच वाच आणि कुठंतरी उतरून ठेव.

पहिलं म्हणजे हाँगकाँग की सिंगापूर. तुझी लेक तेव्हा चारच्या आत आहे, सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजला चारच्या आतल्यांना तिकीट लागत नाही, आणि हाँगकाँग डिस्नीला तीन पूर्ण झाले की लागतं. म्हणजे कागदावर सिंगापूर स्वस्त. पण फुकट आत सोडतात ते उगाच नाही गं, युनिव्हर्सल मोठ्या मुलांसाठी जास्त आहे. मिनियन लँड २०२५ च्या फेब्रुवारीत उघडलं, तेवढं एक लहानांना बरं, बाकी धडाधड गाड्या आणि डायनासोर. त्यात सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, एजंटामार्फत करायचा. हाँगकाँगला पर्यटक म्हणून १४ दिवसांपर्यंत व्हिसा नाही, फक्त जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करायची, प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन म्हणतात, फुकट असते आणि सहसा तिथल्या तिथं निकाल येतो. प्रत्येकाची वेगळी, लेकीची पण. ती सहा महिनेच चालते म्हणून आत्ता जूनमध्ये घाई करून भरू नकोस, सप्टेंबरनंतर भर. आणि स्पेलिंग पासपोर्टवर आहे तस्संच. पावती प्रिंट काढून जवळ ठेव, मोबाइलच्या भरवशावर राहू नको.

आता पार्क. हाँगकाँगचं डिस्नीलँड २००५ साली सुरू झालं, लांटाऊ बेटावर आहे, विमानतळ पण त्याच बेटाला लागून. बाकीच्या डिस्नींच्या मानानं लहान आहे आणि लोक नाकं मुरडतात, पण लहान मुलाबरोबर हेच तर पाहिजे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोर कडेवर घेऊन जाता येतं. ते बर्फाचं गाव, वर्ल्ड ऑफ फ्रोझन, २० नोव्हेंबर २०२३ ला उघडलं. तिथली बोटीची राइड अंधारी आहे आणि मध्ये एक छोटी घसरगुंडी आहे, आमचा तिथं भोकाड पसरून रडला, तुझी हसेल पण. आधी यूट्यूबवर अख्खी राइड दाखव तिला, सरप्राइज वगैरे ठेवू नको. एवढ्या लहान वयात सरप्राइज आपल्यालाच आवडतं, त्यांना भीती वाटते.

उंचीचं कर्वेरोडकरीण म्हणतात ते अर्धं खरं. मोठ्या राइड्सना अट आहेच, हायपरस्पेस माउंटनला १०२ सेंमी, बिग ग्रिझलीच्या खाणगाडीला ११२, आरसी रेसरला १२०. टॉय सोल्जर पॅराशूटला ८१ म्हणजे ती बसेल. पण डंबो, कपबशा, घोड्यांचं कॅरोसेल, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, जंगलातली बोट, पूहची गाडी, मिस्टिक मॅनर, यांना अटच नाही. एवढ्यातच दोन दिवस जातात, आमचा तर डंबोत पाच वेळा बसला. आज लेकीला भिंतीला उभी करून माप, चप्पल काढून.

मोठ्यांना खाणगाडीत बसायचं असेल तर रायडर स्विच माग, म्हणजे एकजण मुलाजवळ थांबतो आणि पहिला आला की दुसऱ्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. बेबी केअर सेंटर पण आहे पार्कात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाँगकाँगचं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास. तुझी लेक घरी दहाला झोपत असेल तर तिथं साडेबारा वाजतात. सगळे सांगतात मुलांची वेळ बदला, आम्ही काही बदललं नाही, पाच दिवसांसाठी कशाला? सकाळी आरामात उठायचं, साडेदहा-अकराला पार्कात, दुपारी तीन-चारच्या सुमाराला स्ट्रोलरमध्ये झोप, मग रात्रीच्या शोपर्यंत ताजंतवानं. बाकीची पोरं तेव्हा पेंगत असतात.

रंकाळ्याची_हवा | २२ जून, रात्री ९:५०

ताई, तुम्हाला साष्टांग नमस्कार. मापली. ९५ सेंमी. मापताना टाचा वर करत होती, मी खांदे दाबून धरलो. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं रेघ मारलीय आणि आता ती रोज सकाळी दूध पिऊन तिथं जाऊन उभी राहती, वाढलो का बघा म्हणती.

हायवेचा_पांथस्थ | २२ जून, रात्री १०:०२

म्हणजे लेक पण 'वाढलो' म्हणती? खरी कोल्हापूरची 😂

कागदपत्रं_तयार | २३ जून, सकाळी ११:३०

पासपोर्टचं मी सांगतो, नुकताच या चक्रातून बाहेर पडलोय. अपॉइंटमेंट ऑनलाइन, कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जायची गरज नाही. लहान मुलांच्या पासपोर्टला ॲनेक्शर डी लागतं, त्यावर आई आणि बाप दोघांची सही. चारच्या आतल्या मुलांचा फोटो तिथं काढत नाहीत, आपण न्यायचा, ४.५ बाय ३.५ सेंमी, पाठीमागं पांढरं. पोर सरळ बघत नाही, फोटोवाला दमतो, त्यामुळे दुपारच्या झोपेनंतर न्या. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव चढलंय का बघा, बऱ्याच दाखल्यांवर नावाचा रकाना मोकळाच असतो आणि तिथं गाडी अडते. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो. आठच्या आतल्या मुलांना आणि साठीवरच्यांना फीमध्ये १० टक्के सूट आहे, म्हणजे आजींनाही.

आधी तुमचा आणि सासूबाईंचा काढा. आई-बापाचा पासपोर्ट असेल आणि त्यात एकमेकांचं नाव असेल तर मुलीचं काम सोपं होतं. मिस्टरांचा लग्नाआधीचा असेल तर बायकोचं नाव घालून रिन्यू करायला लागेल. आणि सगळ्यांचेच जाण्याच्या तारखेपुढं सहा महिने तरी चालू पाहिजेत.

रंकाळ्याची_हवा | २३ जून, दुपारी १२:१०

अरे देवा. लग्नाआधीचाच आहे. बघा, तुम्ही नसता सांगितलं तर ऑक्टोबरात रडत बसलो असतो.

सातच्या_आत_नाश्ता | २३ जून, रात्री ८:४०

टूर की आपलं आपण यावर माझा अनुभव. नाव घेत नाही पण एका टूरवाल्याबरोबर दोन वर्षांपूर्वी गेलो, चाळीस माणसं, एक बस. सकाळी सातच्या आत नाश्ता, साडेसातला बस. डिस्नीलँडचा "पूर्ण दिवस" म्हणजे साडेअकराला आत आणि साडेपाचला गेटवर हजर, का तर रात्रीचं जेवण शहरातल्या ठरलेल्या हॉटेलात. रात्रीचा शो, ज्यासाठी किल्ल्यासमोर गर्दी होते, तो आम्ही बसच्या खिडकीतून पण बघितला नाही. माझी चार वर्षांची पोरगी बसमध्ये ओकली तेव्हा मागच्या सीटवरच्या काकांनी जे तोंड केलं ते अजून आठवतं.

वयस्कर माणसांना टूर चांगली, जेवणाची काळजी नाही, बॅगा उचलायला माणूस. पण लहान पोर असेल तर वेळ आपल्या हातात पाहिजे. पॅकेज घेतलंच तर टीसीएस (टूरवाला पॅकेजवर आगाऊ घेतो तो आयकर) कापतात तो आयकर रिटर्नमध्ये दाखवायला विसरू नका, मी एक वर्ष विसरलो.

कर्वेरोडकरीण | २३ जून, रात्री ९:१५

यावर मात्र शंभर टक्के सहमत.

रंकाळ्याची_हवा | ५ जुलै, रात्री ११:०५

ठरलं! पासपोर्टच्या तारखा मिळाल्या, जाऊबाईंना पण सांगून झालं (त्या दोन दिवस बोलल्या नाहीत). टूर नको, आपलं आपण. मिस्टरांनी रात्रभर जागून एक्सेलमध्ये प्लॅन केलाय, तो इथं टाकतो, चुका काढा.

सकाळी सहाला उतरायचं, बॅगा हॉटेलात टाकून व्हिक्टोरिया पीक (डोंगर), संध्याकाळी हार्बरचं लायटिंग. दुसऱ्या दिवशी डिस्नी उघडल्यापासून बंद होईपर्यंत. तिसऱ्या दिवशी ओशन पार्क, पांडा. चौथ्या दिवशी पुलावरून मकाव जाऊन-येऊन. पाचव्या दिवशी केबल कार, मोठा बुद्ध, शॉपिंग आणि रात्री विमान. हॉटेल चिम शा चुईला बघतोय कारण तिथं भारतीय खानावळी आहेत.

दोन_ट्रॉली_एक_पोर | ६ जुलै, सकाळी ९:२०

हा प्लॅन मिस्टरांचा आहे, लेकीचा नाही 😀 त्यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका, पण यात मुलगी कुठं झोपते? सासूबाई कुठं बसतात? कोल्हापूर ते मुंबई रात्रभर किंवा दिवसभर, मग मध्यरात्रीचं विमान, मग पाच-सहा तास, आणि उतरल्यावर पीक? त्या दिवशी हॉटेलातल्या बादलीभर गरम पाण्याशिवाय काहीही ठरवू नका.

मकाव काट. ओशन पार्क छान आहे, १९७७ पासूनचं आहे, पांडे खरंच आहेत, पण तोही पुन्हा एक अख्खा पार्कच. पांडा की राणी विचार तिला, दोन्ही नको. डिस्नीला सलग एक दिवस देण्यापेक्षा दोन दिवस दे आणि मध्ये एक दिवस सुट्टीचा ठेव. तारीख पक्की करण्याआधी पार्कचं कॅलेंडर बघ, आठवड्यातला एखादा दिवस बंद असू शकतो आणि तिकिटाचा दर पण तारखेप्रमाणे बदलतो, शनिवार-रविवार टाळ.

हॉटेल चिम शा चुईपेक्षा तुंग चुंगला बघ. विमानतळ जवळ, बुद्धाची केबल कार तिथूनच सुटते आणि डिस्नीला सनी बे स्टेशनला गाडी बदलली की झालं. चिम शा चुईहून लाय किंगला बदल, सनी बेला बदल, स्ट्रोलर उचल, पोर उचल, सासूबाईंचा हात धर.

सनी बेपासून जी डिस्नीची गाडी आहे तिच्या खिडक्या मिकीच्या तोंडाच्या आकाराच्या आहेत आणि गाडीला ड्रायव्हर नाही. लेकीला पुढं उभी करा. सगळ्यांना ऑक्टोपस कार्ड घ्या, मेट्रोत, बसमध्ये, दुकानात सगळीकडं तेच चालतं.

फाउंड्रीवाला_नवरा | ६ जुलै, रात्री १०:३०

मी मिस्टर. बायकोनं आयडी काढून दिला. मकाव काटलंय. पीक ट्राम तरी ठेवू द्या, १८८८ पासून चालू आहे, एवढ्या चढावर गाडी ओढतात कशी ते मला बघायचंय. यंत्राचा माणूस आहे हो.

दोन_ट्रॉली_एक_पोर | ६ जुलै, रात्री १०:४१

मधल्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही एकटे जाऊन या की. तिघी हॉटेलात झोपतील.

रंकाळ्याची_हवा | ६ जुलै, रात्री १०:४४

मंजूर!!

फराळाचा_डबा | १२ जुलै, दुपारी ४:१५

दिवाळीत निघताय म्हणजे फराळ नेणारच. माझ्या बहिणीचा किस्सा. सिंगापूरला जाताना आईनं अनारसे दिले. अनारशाला खसखस! सिंगापूरला खसखस चालतच नाही, दुबईला पण नाही, अमली पदार्थाच्या यादीत येते तिथं. तिला विमानतळावर जायच्या आदल्या रात्री कुणीतरी सांगितलं म्हणून वाचली, अनारसे मुंबईच्या वॉचमननं खाल्ले. तुमचं विमान सिंगापूरवरून बदलून असेल तर घरचा कांदा-लसूण मसाला पण बघून घ्या, आपल्यात खसखस घालतातच. सिंगापूरला च्युइंगम पण नको.

हाँगकाँगला मटण, चिकन, अंडी आपल्या बॅगेतून नेता येत नाहीत, आरोग्याचा दाखला लागतो. म्हणून सुकं मटण वगैरे डोक्यातून काढा.

हायवेचा_पांथस्थ | १२ जुलै, दुपारी ४:३०

पाच दिवस तांबडा-पांढरा नाही? वहिनी, परत विचार करा.

फराळाचा_डबा | १२ जुलै, दुपारी ४:५२

भडंग न्या की जयसिंगपूरचं, कुणी अडवत नाही. मेथीचे ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सोबत छोटा इलेक्ट्रिक कुकर. तिथं तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो, इंग्लंडसारखा, ॲडॉप्टर इथूनच घ्या. मुलीचं दूध, पेज असलं हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा जास्त चालतं, सिक्युरिटीवाल्याला आधीच काढून दाखवा.

कर्वेरोडकरीण | १३ जुलै, सकाळी १०:००

आजींसाठी विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच लिहून ठेवा. लाज वाटून घेतात आधी, आमच्या सासूबाईंनी पण घेतली, नंतर इमिग्रेशनची रांग बघून त्याच म्हणाल्या, अगं बरं झालं. आणि मोठ्या बुद्धाला २६८ पायऱ्या आहेत. खाली बसूनही मूर्ती दिसते, ३४ मीटर उंच आहे.

रंकाळ्याची_हवा | १३ जुलै, सकाळी १०:२५

सासूबाई म्हणतात जोतिबाच्या चढतो तर त्या पण चढतो.

उशिरा_जागे | २ ऑगस्ट, रात्री १२:३०

वादळाचं कुणी बोललंच नाही. हाँगकाँगला उन्हाळा-पावसाळ्यात टायफून येतात, सिग्नल नंबर ८ लागला की शहराचा बहुतेक कारभार बंद, पार्क पण. नोव्हेंबरात शक्यता बरीच कमी, हवा पण कोरडी आणि छान असते, दिवाळीची सुट्टी त्या हिशेबानं उत्तमच. ऑक्टोबरात गेला असतात तर पहिल्या आठवड्यात चीनच्या सुट्ट्यांची गर्दी आणि महिनाभर हॅलोवीनची भुतं, सव्वातीनच्या पोरीला ती भुतं नकोच.

मुंबईला जाताना मात्र वेळ धरून निघा. सातारा ते कागल रस्त्याचं काम, कराड-पेठनाक्याला डायव्हर्जन, दिवाळीची गर्दी, आठ तासांचे बारा कधी होतात कळत नाही. आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करा. नाहीतर बेंगलोरहून पण हाँगकाँगला थेट विमान आहे, दर बघा दोन्हीकडचे.

रंकाळ्याची_हवा | १८ ऑक्टोबर, रात्री ९:००

अपडेट. सगळ्यांचे पासपोर्ट आले. ऑनलाइन नोंदणी चौघांची झाली, सासूबाईंच्या नावात पासपोर्टवर मधे सासऱ्यांचं नाव आहे ते मी पहिल्यांदा विसरलो, नशीब सबमिट करायच्या आधी बघितलं. तालीम म्हणून कणेरी मठाचं म्युझियम करून आलो, लेकीला स्ट्रोलरमध्ये घालून. अडीच तास चालली, मग त्या सिमेंटच्या बैलजोडीपाशी जी बसली ती उठेना. म्हणजे अडीच तास हे आमचं माप. मिस्टरांनी एक्सेलमध्ये दर अडीच तासांनी पिवळी पट्टी मारलीय, त्यात लिहिलंय "बसा".

हायवेचा_पांथस्थ | १८ ऑक्टोबर, रात्री ९:०८

नाद खुळा एक्सेल.

रंकाळ्याची_हवा | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

आलो. परवा रात्री पोचलो, अजून कपडे धुवून संपले नाहीत, पण तुम्ही एवढं सगळं सांगितलासा म्हणून लिहितो.

पहिला दिवस काही केलो नाही आणि तेच बरं झालं, लेक विमानात अजिबात झोपली नाही आणि हॉटेलात गेल्यावर सात तास. दुसऱ्या दिवशी डिस्नी. मिकीच्या खिडक्यांची गाडी तिला एवढी आवडली की स्टेशनवर उतरायलाच तयार नाही, ड्रायव्हर कुठं गेला, ड्रायव्हर कुठं गेला. आत गेल्यावर बर्फाच्या गावात गेलो तर गप्प. पूर्ण गप्प. मला वाटलं आवडलं नाही. हात घट्ट धरून नुसती बघत होती. बोटीच्या राइडचा व्हिडिओ महिनाभर दाखवलेला, त्यामुळे घसरगुंडी यायच्या आधीच "आता खाली जाणार" म्हणून शेजारच्या चिनी बाईला मराठीत सांगितली. पॅराशूटला उंची पुरली (९७ झालीय), पण वर जाताना बघितली आणि म्हणाली मला नाही जायचं, मी लहान आहे. रोज वाढायची घाई, आणि इथं लहान!

रात्रीचा शो फसला. आवाज मोठा, तिनं कान धरले आणि हॉटेल हॉटेल चालू केलं. मी तिला घेऊन मागं दुकानांच्या बाजूला बसलो, मिस्टर आणि सासूबाई बघून आले. दुसऱ्या खेपेला कानाला लावायचे ते हेडफोन न्यायला पाहिजे होते, जे कोणी जाणार असाल ते घ्या.

पण खरी मजा सासूबाईंनी केली. इट्स अ स्मॉल वर्ल्डमध्ये तीन वेळा. बसायला मिळतं, एसी आहे, बोट आपोआप जाती, आणि जगभरच्या बाहुल्या नाचतात, त्यात आपल्याकडच्या पण. म्हणाल्या, गौरीच्या आराशीला एवढ्या बाहुल्या मांडल्या तर गल्लीत कोण आपल्या घरातनं बाहेर पडणार नाही. कपबशीत पण बसल्या, उतरल्यावर पाच मिनिटं खांब धरून उभ्या होत्या. बुद्धाच्या २६८ पायऱ्या चढल्या. हळूहळू, तीन ठिकाणी बसून, पण चढल्या. खाली आल्यावर म्हणाल्या जोतिबापेक्षा सोप्या, मधे पेढेवाले नाहीत. केबल कारला मात्र डोळे मिटून नाम घेत होत्या, पंचवीस मिनिटं.

मिस्टर ट्रामला एकटे गेले. आल्यावर तासभर केबल, ड्रम, चढ यावर बोलत होते, मी झोपलो.

चूक सांगायची तर दोन. भडंग कमी नेलं. आणि पहिल्याच दिवशी तिला खेळणं घेऊन दिलं, मग दोन दिवस दर दुकानापाशी रडारड. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला घ्यायचं.

कर्वेरोडकरीण | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

वाचून मस्त वाटलं. माझं "लवकर आहे" मागे घेते, अर्धं तरी. जाऊबाई काय म्हणतात?

रंकाळ्याची_हवा | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३५

फोटो मागून घेतल्या. मेमध्ये किती गर्दी असती विचारत होत्या.

शाहूपुरीकर | २० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

ताई, उगाच मधे घुसतो. आम्ही मार्चमध्ये बेंगलोरला जातोय, पोरगा दोन वर्षांचा. तुमचा तो घडीचा स्ट्रोलर विकणार असाल तर सांगा, नवीन घ्यायचं जिवावर आलंय.

रंकाळ्याची_हवा | २० नोव्हेंबर, सकाळी ८:४०

विकायचा कशाला, न्या की. मार्चनंतर आणून द्या म्हणजे झालं, मेमध्ये जाऊबाईंना लागंल. उजवीकडचं पुढचं चाक किरकिरतंय, मिस्टरांना सांगून तेल घालून ठेवतो.